जुलाबाची गोळी, मॉर्फिन आणि एकच रिसेप्टर?

केवडा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. पावसाळा लागला की आमच्या गुहागराकडे विहिरींचं पाणी गढूळ होतं आणि घरटी एक तरी पोट बिघडतं. मेडिकलमध्ये नुसतं ‘जुलाब’ म्हटलं की लोपरामाइड हातात पडते. परवा भाची आली होती, रत्नागिरीला डी.फार्म. करते. पट्टी बघून म्हणाली, "मावशी, ही ओपिऑइड आहे बरं का, म्हणजे अफूच्या घराण्यातली. मॉर्फिन ज्या म्यू रिसेप्टरवर बसतं, त्याच्यावरच ही बसते."

मी उडालेच. मॉर्फिन म्हणजे आपल्या डोक्यात कॅन्सरचा शेवटचा टप्पा, नाहीतर सिनेमातले गर्दुल्ले. आणि त्याच घराण्यातली गोळी आपण एस्टीत चढायच्या आधी खबरदारी म्हणून घेतो? मग तिने दुखणं का थांबत नाही, झिंग का येत नाही? आणि मेंदूतल्या रिसेप्टरचं आतड्यात काय काम? भाची म्हणते, "परीक्षेला एवढंच येतं." इथे डॉक्टर आणि केमिस्ट्रीवाले बरेच आहेत. सांगा जरा. अनुभव असतील तर तेही लिहा.

बांगडा_फ्राय
म्हणजे माझ्या पोटात अफूचा गोडाऊन आसा आणि माका आजपर्यंत कोणी सांगूक नाय?

चाकरमानी
गणपतीत रात्रीच्या गाडीने पनवेल ते चिपळूण ज्याने केलंय, त्याला त्या खबरदारीच्या गोळीबद्दल काही समजावावं लागत नाही :) वाचतोय.

रसायनकाका
केवडाताई, चांगला प्रश्न. आधी शेवटचा घेतो, आतड्याचा.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेलं एक प्रथिन. म्यू रिसेप्टरची साखळी ४०० अमिनो आम्लांची, आणि ती आवरणातून सात वेळा आरपार जाते. बाहेरच्या बाजूला एक खळगा असतो. त्यात मॉर्फिन बसलं की आतल्या बाजूचं जी-प्रथिन जागं होतं. पेशीतलं पोटॅशियम बाहेर जाऊ लागतं, कॅल्शियम आत यायची दारं बंद होतात, आणि त्या चेतापेशीचा संदेश मंदावतो. रिसेप्टरचं काम एवढंच. कुठला संदेश मंदावला, ते ती पेशी कुठे आहे त्यावर. मज्जारज्जूत असेल तर वेदनेचा, मेंदूच्या देठात असेल तर श्वासाचा, आतड्यात असेल तर अन्न पुढे ढकलण्याचा. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे आणि तिथे म्यू रिसेप्टर भरपूर आहेत. कुलूप एकच, पण ते कुठल्या खोलीला लावलंय त्यावर सगळं.

आणखी गंमत सांगतो. आपण याला मेंदूचा रिसेप्टर म्हणतो, पण त्याचा माग काढला गेला तो बराचसा आतड्यातून. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला हान्स कोस्टरलिट्झ गिनीपिगच्या लहान आतड्याचा तुकडा क्षारद्रावणात टांगून ठेवत आणि त्याला विजेचा हलका झटका देत. तुकडा आकसे. मॉर्फिन घातलं की आकसणं कमी होई. द्रावणात अफूसारखं काही आहे की नाही, हे ओळखायची ही त्यांची कसोटी. १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी हे रिसेप्टर चेतासंस्थेत खरोखर आहेत असं किरणोत्सारी नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध) वापरून दाखवलं. मग प्रश्न आला की निसर्गाने खसखशीच्या बोंडासाठी आपल्या डोक्यात जागा कशाला राखून ठेवावी? शरीर स्वतःच असं काही बनवत असलं पाहिजे. १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून ते काढलं. एन्केफॅलिन. फक्त पाच अमिनो आम्लांचे दोन छोटे रेणू.

झिंग का येत नाही त्याचं उत्तर उद्या. लाइट गेली आहे आणि इन्व्हर्टर ओरडतोय.

नीलपरी
काका, नेमकं महत्त्वाच्या जागी महावितरण!

शंकासुर
काका, माहिती उत्तम. पण कुलूप-किल्ली हे शाळेतलं चित्र आता सोडायला हवं. कुलूप एक तर उघडतं, नाहीतर नाही. हा रिसेप्टर तसा नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरं ओपिऑइड त्यावर मॉर्फिनपेक्षा घट्ट बसतं, पण अर्धवटच काम करतं. नॅलॉक्सोन बसतं आणि काहीच करत नाही, उलट दुसऱ्याला बसू देत नाही. प्रथिन सतत हलत असतं, औषध त्याच्या हालचालीचा कल बदलतं. २०१२ मध्ये या रिसेप्टरच्या स्फटिकांवरून त्याची रचना कळली, तेव्हा खळगा चांगलाच उघडा असल्याचं दिसलं. औषधं पटकन बसतात आणि पटकन सुटतात, ती त्यामुळे. त्या कामात असलेले ब्रायन कोबिल्का यांना त्याच वर्षी या सबंध रिसेप्टर-कुटुंबावरच्या संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बांगडा_फ्राय
शंकासुरा, शिमगो संपलो, आता जरा शंका कमी कर.

शंकासुर
शंकासुर शिमग्यापुरता नसतो.

भूलवाली_डॉक्टर
मी भूलतज्ज्ञ, चिपळूणच्या बाजूला काम करते. या रिसेप्टरवरच आमची रोजीरोटी आहे, म्हणून लिहिते.

ऑपरेशनच्या वेळी आम्ही फेंटानिल देतो, ते म्यू रिसेप्टरवरच काम करतं. काही मिनिटांत पेशंटच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास संथ होतो. या सगळ्यात डोळा ठेवायचा तो श्वासावर. मेंदूच्या देठात श्वासाची लय ठरवणारा पेशींचा एक छोटा पुंजका आहे, त्यावरही हेच रिसेप्टर आहेत. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी मेंदू ‘श्वास घे’ म्हणून धक्का देतो. ओपिऑइड जास्त झालं की तो धक्काच लागत नाही. माणूस गुदमरतोय असं त्याला स्वतःलाही वाटत नाही. ओव्हरडोसमध्ये मृत्यू येतो तो असा.

त्यावर नॅलॉक्सोन. शिरेतून दिलं की मिनिटा-दोन मिनिटांत पेशंट डोळे उघडतो. पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास, आणि मूळ औषध त्याहून जास्त वेळ टिकणारं असेल तर पेशंट पुन्हा झोपेत जातो. त्यामुळे डोळे उघडले म्हणून घरी पाठवलं, असं चालत नाही.

शिवाय खाज. सिझेरियनला पाठीतून दिलेल्या इंजेक्शनात थोडं मॉर्फिन असेल तर बाई दुसऱ्या दिवशीही नाक आणि चेहरा खाजवत असते. नातेवाईक म्हणतात ॲलर्जी आली. बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते, मज्जारज्जूतल्या म्यू रिसेप्टरचाच तो प्रताप असतो.

माजघर
डॉक्टर, खाजेवरून विचारते. सासूबाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. रात्र रात्र खाजवतात, अंगावर पुरळ काही नाही. खोबरेल, कडुलिंब, कोकमाचं तेल, सगळं लावून झालं. याचा या रिसेप्टरशी काही संबंध?

भूलवाली_डॉक्टर
माजघर, संबंध आहे. किडनीच्या पेशंटना अशी खाज सर्रास येते. तिची कारणं बरीच आहेत, त्यातलं एक म्हणजे म्यू आणि कप्पा या दोन रिसेप्टरांचा तोल बिघडणं. कप्पा हा म्यूचा भाऊ. तो जागा झाला तर खाज कमी होते. यावर नाल्फ्युराफिन नावाचं औषध जपानात २००९ पासून आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत डिफेलिकेफालिनला मान्यता मिळाली. ते डायलिसिसच्या वेळीच शिरेतून देतात आणि ते मेंदूत फारसं शिरत नाही. तुम्ही मात्र आधी नेफ्रॉलॉजिस्टला रक्तातलं फॉस्फरस किती आहे आणि डायलिसिस पुरेसं होतंय का ते विचारा. गॅबापेंटिनसारखं साधं औषधही कमी मात्रेत चालतं, पण किडनीच्या पेशंटला त्याची मात्रा डॉक्टरनेच ठरवायची. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

माजघर
खूप आभार. पुढच्या खेपेला नक्की विचारते. आजवर सगळे ‘कोरडी त्वचा’ म्हणून वाटेला लावत होते.

चाकरमानी
एका भावाने खाज सुटते, दुसऱ्याने थांबते. आमच्या सामायिक बागेच्या वाटणीतही हेच चाललंय.

शंकासुर
कप्पाचं कौतुक करताना दुसरी बाजूही लिहा की डॉक्टर. शरीराचं स्वतःचं डायनॉर्फिन या कप्पावर काम करतं, आणि ते मेंदूत वाढलं की सुख वाटत नाही, उलट माणूस बेचैन आणि उदास होतो. ताणात ते वाढतं. पेंटाझोसिन या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेतल्यावर काही जणांना चित्रविचित्र भास होतात, त्यालाही बराचसा कप्पाच कारण धरतात. सगळी ओपिऑइड झिंग आणतात, ही समजूत चूक आहे.

भूलवाली_डॉक्टर
बरोबर. डिफेलिकेफालिन मेंदूच्या बाहेर ठेवण्याचा खटाटोप त्यासाठीच.

आंबेवाला_देवगड
रिसेप्टर म्हटलं की आम्हा कोकणातल्यांना एकच नाव आठवायला हवं, महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. लाल विंचू चावला की पूर्वी धडधाकट पोर घामाने चिंब होऊन फुप्फुसात पाणी भरून दगावायचं. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनालिनसारख्या रसायनांचा लोट सुटतो, आणि रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर तो आदळतो. डॉक्टरांनी रक्तदाबाची प्रॅझोसिन गोळी देऊन तो रिसेप्टरच अडवला. महाड-पोलादपूरसारख्या भागात बसून केलेलं काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नीलपरी
+१. अवांतर असलं तरी चालेल.

किनारा_दापोली
अनुभव विचारलात म्हणून लिहिते. आमच्या अण्णांना जबड्याचा कॅन्सर होता. मशेरी आणि तंबाखू. मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, दर चार तासांनी. गावात बातमी अशी फिरली की ‘अण्णांना अफूवर ठेवलंय’, म्हणजे आता मोजकेच दिवस. एक नातेवाईक येऊन हळूच म्हणाले, सवय लागेल. मी विचारलं, कसली सवय, न दुखण्याची?

गोळ्या सुरू झाल्यावर अण्णा नीट झोपायला लागले. चमच्याने का होईना, पेज जाऊ लागली. ओटीवर बसून कामगारांना ओरडायला लागले, तेव्हा आईने देवाला नारळ ठेवला. पण आमच्या भागात ती गोळी कुठे मिळायची नाही. संपत आली की कोणी तरी मुंबई गाठायचं. एकदा कोकण रेल्वेच्या मार्गावर दरड आली आणि गाड्या अडकल्या. गोळ्या दुसऱ्या दिवशी पोचल्या. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही.

दुसरा त्रास कोणी आधी सांगितलाच नव्हता, तो बद्धकोष्ठाचा. चार-चार दिवस शौचाला नाही. शेवटी अण्णा म्हणायला लागले की जबडा परवडला. रसायनकाकांचं वाचल्यावर आज कळतंय की ते त्याच रिसेप्टरचं काम होतं.

भूलवाली_डॉक्टर
किनारा, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. मॉर्फिन सुरू करताना सोबत रेचक सुरू करायचंच, बिसाकोडिलसारखं, पेशंट तक्रार करेपर्यंत थांबायचं नाही. त्याचं कारण शिकण्यासारखं आहे. मळमळ आणि गुंगी यांना शरीर काही दिवसांत सरावतं. आतडं मात्र फारसं सरावत नाही. महिनोन् महिने औषध चालू राहिलं तरी बद्धकोष्ठ तसंच राहतं. मिथाइलनाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आतड्यातला रिसेप्टर मोकळा करतात पण मेंदूत जात नाहीत, म्हणजे दुखणं परत येत नाही आणि पोट चालू होतं.

सवयीबद्दल. रोज मॉर्फिन घेणाऱ्याचं शरीर त्यावर अवलंबून राहतं. एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, नाक गळणं, अंग मोडून येणं हा त्रास होतो, म्हणून कमी करत आणतात. पण व्यसन म्हणजे नुकसान होतंय हे दिसत असूनही त्याच्यामागे धावणं. कॅन्सरच्या वेदनेसाठी देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत ते क्वचितच दिसतं. आणि मॉर्फिन लिहिलं म्हणजे शेवट आला, असंही नाही. दुखणं जेवढं, तेवढं औषध. कित्येक पेशंट ते घेत कामावर जातात.

शंकासुर
इथे मी थोडा आडवा जाणार. अमेरिकेत १९९६ नंतर हेच ऐकवलं गेलं, ‘दुखणं असेल तर व्यसन लागत नाही’. ऑक्सिकोडोन या ओपिऑइडच्या दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या कंबरदुखीला, गुडघ्याला, दात काढल्यावर लिहिल्या गेल्या. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. आपल्याकडे ट्रॅमाडॉल या ओपिऑइड वेदनाशामकाच्या पट्ट्या कशा विकल्या जात होत्या? २०१८ मध्ये ते औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं, ते उगाच नाही. गावकऱ्यांची भीती पूर्णपणे अडाणी नसते.

भूलवाली_डॉक्टर
शंकासुर, मान्य. कंबरदुखीच्या पेशंटला मी स्वतः ओपिऑइड सहसा लिहीत नाही. पण जबड्याच्या कॅन्सरचं आणि जुनाट कंबरदुखीचं औषध एका तराजूत का घालायचं? अमेरिकेत गरज नसलेल्यांना मिळालं, आपल्याकडे गरज असलेल्यांनाही मिळत नाही.

आणि यातला दुर्दैवाचा भाग असा की कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानंतर मात्र मॉर्फिन ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत. बहुतेक हॉस्पिटलांनी नादच सोडला. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ गटात आली. आता राज्याच्या औषध खात्याकडून मान्यता घेतली की संस्थेला ती ठेवता येतात. कायदा सुटसुटीत झाला, पण मान्यता घ्यायला पुढे यायला लागतं ना!

चाकरमानी
आमची आजी गिरणगावातल्या गोष्टी सांगायची. रत्नागिरीकडच्या बायका गिरणीत कामाच्या पाळीला जाताना तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी चाटवून जायच्या. पोर दिवसभर निपचित. आजी म्हणायची, ‘गुणी बाळ होतं’. आज श्वासाचं वाचून अंगावर काटा आला.

रसायनकाका
चाकरमानी, मुंबईच्या गिरण्यांतली बाळगोळी त्या काळच्या सरकारी अहवालांतही नोंदलेली आहे. आईला दुसरा इलाजही नव्हता. घरात सांभाळायला कोणी नाही आणि कामाची पाळी चुकली की पगार कापला.

खलाटी
खसखशीचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. आमच्या खेड-दापोलीकडची बरीच मंडळी आखातात आहेत. मालवणी मसाल्यात, अनारशात खसखस असते. दुबईला जाताना खसखस किंवा खसखस असलेला मसाला नेऊ नका. तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत धरतात आणि कायदा फार कडक आहे.

नीलपरी
पण खसखस खाल्ल्याने काही होतं का? माझ्या आईची खसखशीची खीर खाऊन सगळे घोरत असतात.

रसायनकाका
त्याला खीर जबाबदार, वर सोबतच्या पुरणपोळ्या. अफू निघते ती कच्च्या बोंडाच्या चिकातून, बियांतून नाही. बियांना तो चीक लागलेला असतो म्हणून अगदी किंचित मॉर्फिन येतं, धुऊन-भाजून तेही घटतं. झिंग येण्याएवढं नाही, पण लघवीच्या संवेदनशील तपासणीत सापडू शकतं.

बांगडा_फ्राय
काकानू, सुक्या बांगड्याच्या तिकल्याबरोबर घाम फुटता आणि मग बरा वाटता, तां एंडोर्फिन न्हय?

शंकासुर
व्हॉट्सॲपवरचं विज्ञान! तिखट लागतं ते टीआरपीव्ही१ या वेगळ्याच रिसेप्टरमुळे. तो म्हणजे उष्णता आणि जळजळ ओळखणारा, १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला, २०२१ चं नोबेल. मिरचीने एंडोर्फिन, म्हणजे शरीराची स्वतःची ओपिऑइडं, सुटतात याचा माणसांतला पुरावा तोकडा आहे. धावल्यावर येणाऱ्या मस्तीचंही तेच. नाल्ट्रेक्सोन देऊन म्यू रिसेप्टर अडवला तरी ती मस्ती येते, असं एका प्रयोगात दिसलं. म्हणजे सगळं श्रेय एंडोर्फिनला देता येत नाही.

पण तुझ्यासाठी एक खुशखबर. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात लोकांना जवळच्या मित्रांसोबत विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि मेंदूचं पेट स्कॅन केलं. मनमुराद हसल्यावर मेंदूच्या काही भागांत ओपिऑइड सुटल्याचं २०१७ मध्ये त्यांनी छापलं.

बांगडा_फ्राय
झाला तर! गजालीवर एनडीपीएस लावतले आता. दशावताराच्या कंपनीक पण लायसन काढूक लागतला.

आंबेवाला_देवगड
=))

माडावरचा
एक नाजूक प्रश्न. उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन आला की आमचा धाकटा भाऊ हाताबाहेर जातो. सावंतवाडीच्या बाजूला आहोत, गोव्याची हद्द दोन पावलांवर. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन लिहिलंय. वर शंकासुरांनी तेच नाव घेतलं. दारूचा आणि अफूच्या रिसेप्टरचा काय संबंध?

भूलवाली_डॉक्टर
दारू प्यायल्यावर मेंदू स्वतःचं एंडोर्फिन सोडतो, आणि पहिल्या घोटाची गोडी बरीचशी त्यातून येते. नाल्ट्रेक्सोन म्यू रिसेप्टर अडवतं. दारू चढते, पण मजा उणावते, ‘अजून एक’ची ओढ कमी होते. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, आणि नुसत्या गोळीवर भागत नाही, समुपदेशन हवंच. यकृताची तपासणी करून घ्या. आणि एक फार महत्त्वाचं. तो ट्रॅमाडॉल किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. त्यावर नाल्ट्रेक्सोन दिलं तर एकदम जोराचा त्रास सुरू होतो. पुढे अपघात झाला, ऑपरेशन लागलं, तर तो हे घेतोय हे भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं, नाहीतर आमची इंजेक्शनं लागूच पडणार नाहीत.

माडावरचा
हे कोणीच सांगितलं नव्हतं. खोकल्याचं औषध बघतो आजच.

केवडा (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार, धागा कुठल्या कुठे गेला! पण माझी गोळी अजून तशीच आहे. तिने झिंग का येत नाही?

रसायनकाका
लाइट आली, लिहितो.

लोपरामाइड बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीत १९६९ मध्ये बनलं. रिसेप्टरवर बसण्यात ते मॉर्फिनच्या मागे नाही. पण मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा एक पंप असतो. नको ते रेणू पकडून तो परत रक्तात ढकलतो. लोपरामाइड आत शिरायला गेलं की त्याला तो बाहेर काढतो. शिवाय गोळीतलं बरंचसं औषध पोटातून यकृतात गेल्यावर तिथेच मोडतं, रक्तात थोडंच येतं. आतड्याच्या चेतापेशींना मात्र ते पुरेसं मिळतं. ढकलणं मंदावतं, पाणी शोषायला वेळ मिळतो, शौच घट्ट होतं. पंप हीच अडचण आहे हे कशावरून? क्विनिडिन देऊन तो पंप रोखला आणि मग लोपरामाइड दिलं, तर त्याच माणसांत श्वास मंदावल्याची चिन्हं दिसली.

म्हणून भाचीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. औषध रिसेप्टरपर्यंत कुठे पोचतं आणि कुठे अडवलं जातं, फरक तिथे पडतो.

भूलवाली_डॉक्टर
काकांना जोडून, कारण हा धागा वाचून कोणीतरी प्रयोग करेल. झिंगेसाठी मूठभर गोळ्या खाणाऱ्यांचं हृदय लयीतून घसरतं, मृत्यूही झालेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तसा इशारा दिला.

आणि साध्या जुलाबातही ही गोळी पहिली नाही. आधी ओआरएस. ताप असेल, शौचात रक्त-आव असेल तर आतडं अडवायचं नाही, जंतू आतच राहतात. लहान मुलांना तर अजिबात देऊ नका, त्यांना ओआरएस आणि झिंक. लहानांना रेसेकॅडोट्रिल लिहिलेलं पाहिलं असेल. तेही याच घराण्याशी नातं सांगतं, पण आडून. शरीराचं एन्केफॅलिन मोडणारं विकर ते थांबवतं. मग ते एन्केफॅलिन डेल्टा या तिसऱ्या रिसेप्टरवर जास्त वेळ काम करतं आणि आतड्यात पाणी सुटणं कमी होतं. आतड्याची चाल तशीच राहते.

केवडा (धागाकर्ती)
भाचीला लिंक पाठवली. तिचं उत्तर आलं, "मावशी, विचारलंस कशाला, आता एवढं सगळं परीक्षेत आलं तर?" विहिरीत मेडिक्लोर टाकायला ग्रामपंचायतीच्या माणसाला मात्र आजच गाठते.

किनारा_दापोली
डॉक्टर, एक राहिलं. अण्णा गेले त्याला बराच काळ झाला. कपाटात मॉर्फिनची अर्धी पट्टी पडून आहे. शेजारच्या काकूंचा गुडघा फार दुखतो, त्या मागत होत्या. देऊ का?

भूलवाली_डॉक्टर
मुळीच नाही. म्हाताऱ्या माणसाला, आधी कधी न घेतलेल्याला, वर झोपेची गोळी चालू असेल तर एवढीसुद्धा श्वास थांबवायला पुरते. ज्या हॉस्पिटलातून आणल्या तिथे कोणी मुंबईला जाताना परत द्या, पावती मागा. तोवर कुलपात. खाडीत किंवा शौचालयात टाकू नका. आणि काकूंना हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा.

किनारा_दापोली
बरं. पुढच्या रविवारी भाऊ जातोय, त्याच्याकडे देते.